निफाडची थंडी आणि आमचं साडेसात हजारांचं हवामान यंत्र : माझा अनुभव

ज्यांच्याकडे द्राक्षबाग नाही त्यांना वाटेल एक-दोन अंशांनी असं काय बिघडतंय, म्हणून आधी तेच सांगतो. आमच्याकडे निफाड तालुक्यात ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की डिसेंबर-जानेवारीत मणी फुगवणीला नाहीतर पाणी उतरायच्या (मऊ पडून गोडी भरायच्या) स्टेजला असतात, आणि थंडी पण नेमकी तेव्हाच पडते. पारा ८-९ ला असला तर फुगवण मंदावते, तेवढं चालतं. पण ५ च्या खाली सरकायला लागला की झोप उडते, मण्यांना तडे जायची भीती, दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की पिंक बेरी (हिरवे मणी गुलाबी पडणं), आणि एक्स्पोर्टवाला घड हातात घेऊन नुसती मान हलवतो. २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा २ च्या खाली गेलेला, पानांवरचं दव गोठलेलं, ते वर्ष इथं कोणी विसरलेलं नाही.

मग करायचं काय तर पहाटे उठून ड्रिप सोडायचं (विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं, ओली जमीन ऊब धरते) आणि बांधाला शेकोट्या पेटवायच्या. पण हे फुकटात होत नाही. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री, सरपण लागतं, माणसं उठवावी लागतात, आणि पाणी उतरलेल्या बागेला गरज नसताना पाणी पाजलं तर त्यानेच मणी तडकतात. म्हणजे रात्री तीनला ७ अंश असतील तर पांघरूण ओढून झोपायचं आणि ४ असतील तर उठायचं, सगळा निर्णय एका आकड्यावर.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो तो सकाळी, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. मोबाईलच्या ॲपवर 'निफाड' टाकलं तर जे तापमान दिसतं ते इथं कोणी मोजलेलं नसतं बरं का, मोठ्या भागासाठी कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला अंदाज असतो. आमच्या शेजारच्या गल्लीतला एकजण ॲपमध्ये ११ बघून निवांत झोपलेला, सकाळी त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर पांढरं पडलेलं. म्हणून स्वतःचं यंत्र पाहिजे असं डोक्यात बसलं आणि ऑनलाईन मागवलं. साडेसात हजार, वायफायवालं, घरात रंगीत डिस्प्ले, बाहेर सेन्सर, वाऱ्याच्या वाट्या, पावसाचं माप, ५ च्या खाली गेलं की मोबाईलवर अलार्म. कंपनीचं नाव लिहित नाही कारण नंतर कळलं की त्या किमतीतली बहुतेक सगळी एकाच माळेचे मणी आहेत.

माहितीपुस्तिकेतल्या चित्रात सेन्सर घराच्या भिंतीला लावलेला होता, तसाच लावला, पडवीच्या पत्र्याखाली. पावसाळ्यात झकास चाललं. थंडीच्या पहिल्याच लाटेत सकाळी डिस्प्लेवर किमान ८.६ आणि पेपरात निफाड ५ च्या आसपास. नाना (वडील) पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तुझं यंत्र पुण्याचं तापमान सांगतंय का रे?"

कारण शोधलं तर साधंच निघालं. भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ती ऊब सोडत राहते, वर पत्रा असला की जमिनीची उष्णता आभाळात निघून जात नाही, त्यामुळे सेन्सर घराचं तापमान सांगतो, बागेचं नाही. सरकारी केंद्रात थर्मामीटर जाळीदार पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्यावर असतो. निफाडला थंडी पडते तीच मुळी मोकळं सपाट रान, निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा यामुळे, जमीन भराभर थंड होते आणि गार हवा जड म्हणून खाली साचते. आमचा कादवा नदीकडचा प्लॉट खोलगट आहे, तिथं तर घराच्या ओट्यापेक्षा तीन-तीन अंशांचा फरक पडतो. पडवीतून हे कळणार कसं?

सेन्सर उचलून बागेच्या कडेला पाईप रोवून त्यावर लावला. आता नवीन दुखणं. डब्यावर लिहिलंय रेंज १०० मीटर, त्याच्या खाली बारीक अक्षरात 'मोकळ्या मैदानात'. आमच्यात मध्ये वाय ट्रेलिसचे (वेल चढवायच्या Y आकाराच्या मांडवाचे) लोखंडी अँगल, तारांचं जाळं, पाला, मग पंपहाउस, मग घराची भिंत. सिग्नल येई जाई. आणि सगळ्यात डेंजर गोष्ट ही की सिग्नल तुटला तरी डिस्प्ले लगेच डॅश-डॅश दाखवत नाही, शेवटचा आकडा तसाच धरून बसतो. रात्री बाराला बघितलं ७.८, तीनला बघितलं ७.८, मला वाटलं वा वारा सुटला असेल म्हणून पारा स्थिर आहे, म्हणून बाहेर गेलो तर गवत पायाखाली कुरकुरत होतं. तेव्हापासून आकडा नुसता बघत नाही, दशांश हलतोय का बघतो. निरभ्र रात्री पारा तासभर एकाच दशांशावर उभा राहत नाही, उभा असेल तर यंत्र मेलंय समजा.

सेलचं पण असंच. दुकानात रिमोटचे म्हणून जे स्वस्त झिंक-कार्बन सेल मिळतात ते टाकले होते. थंडीत सेलची आतली रासायनिक क्रिया मंदावते, नवीन सेल ५ अंशांत तसे मरत नाहीत पण निम्मे संपलेले असले की दिवसा चालतात आणि पहाटे मान टाकतात, ऊन आलं की परत जिवंत. म्हणजे सकाळी आठला बघाल तर सगळं ओके आणि ग्राफमध्ये बरोबर तीन ते सहा मोकळी जागा. ज्यासाठी घेतलं तेवढेच तास गायब! लिथियमचे सेल टाकल्यावर हा प्रकार थांबला, महाग आहेत पण ते शून्याच्या बऱ्याच खालीही चालतात आणि आख्खा सीझन निघतो. अल्कलाईन पण आपल्याकडच्या थंडीला चालतील, फक्त थंडी सुरू व्हायच्या आधी नवीन टाका.

अलार्मचं सांगायलाच नको. गावठाणची लाईट गेली की राऊटर बंद, राऊटर बंद की अलार्म बंद. इन्व्हर्टरवर राऊटर घेतला तर मोबाईलने बॅटरी वाचवायला ते ॲपच झोपवून टाकलेलं. त्या ॲपचं बॅटरी सेव्हिंग सेटिंगमध्ये जाऊन काढावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

मग एका सकाळी गंमत झाली. ऐन जानेवारीत, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि डिस्प्लेवर पाऊस ०.६ मिलिमीटर. द्राक्षवाल्याला थंडीत पाऊस हा शब्द दाखवणं म्हणजे काय ते विचारू नका. मी तो स्क्रीनशॉट आमच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत फोन सुरू, "कुठं पडला, गारा होत्या का, स्प्रे घ्यायचा का?" झालेलं असं की पावसाच्या मापात छोटीशी तराजूसारखी वाटी असते, ती भरली की उलटते आणि तेवढा पाऊस मोजते. रात्रभर एवढं दव पडलं की नरसाळ्यावरून ओघळून ती वाटीच उलटली. उघडून बघितलं तर आत कोळ्याने संसार पण थाटलेला, म्हणजे खरा पाऊस आला असता तर तो कदाचित मोजलाच नसता.

एवढं सगळं केल्यावरही पेपरातल्या आकड्यात आणि आमच्यात सव्वा-दीड अंशाचा फरक राहायचा. इथं माझा पुतण्या कामाला आला, तो नाशिकला डिप्लोमा करतो. त्याने आधी स्वतः एक यंत्र बनवून आणलं, डीएचटी ११ नावाचा निळा सेन्सर लावून, ते दोन अंश इकडेतिकडे दाखवायचं. मी म्हणलं अरे त्याच्या कागदावरच अचूकता दोन अंश लिहिलीय, तर म्हणाला "काका तो कॉलेजमध्ये फुकट मिळाला". मग त्याने डीएस१८बी२० चा वायरवाला वॉटरप्रूफ प्रोब आणला, तो अर्ध्या अंशाच्या आत असतो आणि मुख्य म्हणजे बुडवता येतो. फ्रीजमधला बर्फ कुटून थर्मासमध्ये भरला, थोडं पाणी, ढवळायचं, प्रोब बरोबर मध्ये, तळाला टेकू द्यायचा नाही. वितळता बर्फ म्हणजे शून्य अंश, त्यात वाद नाही. प्रोबने ०.२ दाखवलं. म्हणजे हा आपला साक्षीदार ठरला.

विकतच्या यंत्राचा सेन्सर काही बुडवता येत नाही, म्हणून थर्मॉकोलच्या बॉक्समध्ये बर्फाच्या बाटल्या, त्यात हा सेन्सर आणि प्रोब शेजारी-शेजारी, झाकण लावून ठेवलं. थर्मॉकोलमधून सिग्नल बाहेर येतो त्यामुळे घरात बसून दोन्ही आकडे बघता येतात. आणि इथं खरी गोम कळली. २५ अंशांना दोघांत फरक जेमतेम ०.३, पण ४-५ अंशांना आमचं यंत्र १.३ ने जास्त दाखवत होतं. उन्हाळ्यात घरात बसून तपासलं असतं तर शंभर टक्के पास झालं असतं! सेटिंगमध्ये दुरुस्तीचा आकडा टाकायची सोय असते पण तो एकच आकडा सगळ्या तापमानाला लागू होतो, म्हणून मी थंडीपुरतं उणे १.३ टाकतो आणि मार्चमध्ये काढून टाकतो. त्यांच्या कस्टमर केअरला विचारलं तर "सर, प्लस-मायनस एक अंश चालतो" असं उत्तर आलं. तुम्हाला चालत असेल हो. सपाट प्रदेशात किमान तापमान ४ किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं थेट थंडीची लाट धरतं, तिथं एक अंश म्हणजे आमची अख्खी रात्र.

राहिला उन्हाचा प्रश्न. सकाळी नऊला सूर्य थेट सेन्सरवर आला की यंत्र ३४ दाखवायचं, जानेवारीत! त्यासोबत येणारी पांढरी टोपी नुसती शोभेची. तयार शील्ड महाग वाटली म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या खोलगट थाळ्या आणल्या, मधल्या थाळ्यांना भोकं पाडून आटेदार सळईवर एकावर एक अंतर ठेवून चढवल्या, आत सेन्सर. हवा खेळते, ऊन लागत नाही, दव पण थेट बसत नाही. दवाने ओला झालेला सेन्सर सकाळी सुकताना खऱ्यापेक्षा गार दाखवतो, तो घोळही कमी झाला. एक सांगतो, अगदी वारा पडलेल्या रात्री या थाळ्या स्वतःच आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा जराशा गार होतात, त्यामुळे आकडा थोडा कमी येऊ शकतो. तो कमी आलेला मला चालतो, जास्त आलेला नाही.

आता आमची पद्धत अशी बसलीय. अलार्म ५ ला नाही, ७ ला लावतो. अलार्म वाजला की आकडा किती यापेक्षा तो तासाला किती उतरतोय ते बघतो, कारण यंत्र एक अंश खोटं बोललं तरी उतरायचा वेग बहुतेक बरोबर असतो. रात्री एकला ७ असेल आणि तासाला पाऊण अंश जात असेल तर सहा वाजता कुठं पोचेल हे नानांना पण तोंडी सांगता येतं. वारा सुटला किंवा ढग आले तर उतार तिथंच थांबतो, मग झोपायचं. खोलगट प्लॉटमध्ये पुतण्याचा प्रोब वेगळा आहे, तो वायफायवर नाही, जाऊन टॉर्च मारून बघावा लागतो, पण तोच सगळ्यात भरवशाचा. नानांनी मात्र कृषी सेवा केंद्रातून काचेचा किमान-कमाल थर्मामीटर आणून शेजारच्या खांबाला टांगलाय, त्याला सेल लागत नाही हे दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

आर्द्रतेचा आकडा अजून सुधरलेला नाही. रात्री दव पडायला लागलं की तो ९९ वर जातो आणि सकाळी दहापर्यंत तिथंच चिकटतो, आणि ॲप त्यावरून डाऊनीचा (द्राक्षावरच्या बुरशीरोगाचा) धोका लाल रंगात दाखवत बसतं. मिठाची टेस्ट करून बघितली, म्हणजे झाकणाच्या डब्यात ओलसर मीठ आणि सेन्सर, आत ७५ टक्के यायला पाहिजे तर ८८ आले. तो सेन्सर बदलायलाच हवा, माल निघाला की बघू. तोवर स्प्रे मी पानं हाताने बघूनच ठरवतोय.