कांद्याच्या सूपात कांद्याखेरीज काय असते: सिंगापुरातील फ्रेंच ब्रासरीतले जेवण

सिंगापुरातील फ्रेंच ब्रासरीत शाकाहारी माणसाला घेऊन जाणार असाल, तर कांद्याचे सूप मागवण्यापूर्वी त्यातला स्टॉक, म्हणजे मूळ रस्सा, कशाचा आहे, हे स्वयंपाकघरातून विचारून आणायला सांगा. वेटरच्या पहिल्या उत्तरावर विसंबू नका. आम्ही विसंबलो, आणि जन्मभर मांसाहाराला न शिवलेल्या माझ्या आईच्या पोटात अर्धा वाडगा गाईच्या हाडांचा रस्सा गेला.

चायनाटाउनमधले श्री मरियम्मन मंदिर पाहून आम्ही डक्सटन हिलचा चढ चढून आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आरक्षण केले नव्हते, कारण दिवसभर केव्हाही गेले तरी गरम जेवण मिळते हीच ब्रासरीची ओळख, असे मी धरून चालले होते. ब्रासरी म्हणजे मूळ अर्थाने बिअर बनवण्याची जागा. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतातून पॅरिसला आलेल्या लोकांनी बिअर आणि आंबवलेला कोबी वाढणाऱ्या या खानावळींना तिथे बहर आणला. पॅरिसची ही रीत सिंगापुरात सगळीकडे पाळली जातेच असे नाही. आमच्या ब्रासरीचे स्वयंपाकघर अडीचला बंद होऊन सहाला उघडणार होते. मधले तीन तास आम्ही मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये उसाचा रस पीत, घामाने निथळत काढले. वेळा आधी पाहून ठेवा आणि शक्यतो दुपारीच जा. दुपारचा ठरावीक थाळीवजा मेन्यू बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

सहाला टेबलावर बसलो तेव्हा दोघीही भुकेने आणि उकाड्याने थकलो होतो. सूप शाकाहारी आहे का, एवढेच मी विचारले आणि वेटरने हसून सांगितले, "हो, फक्त कांदा, पाव आणि चीज." त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असावे, कारण सूपात मांसाचा तुकडा नव्हता. आईने चार-पाच चमचे घेतल्यावर वास वेगळा असल्याचे म्हटले, पण तो चीजचा असेल असे सांगून मीच तिला पुढे खायला लावले. अर्धा वाडगा संपल्यावर मला राहवेना. पुन्हा विचारले तेव्हा आतून उत्तर आले की स्टॉक बीफचा आहे, नेहमीच असतो. आपल्याकडे मटणाची अळणी काढतात, तशी ही गाईच्या हाडांची अळणी. तासभर मंद आचेवर तांबूस केलेले कांदे तिच्यातच उकळतात. आईने वाडगा बाजूला सारला आणि त्यानंतर ती पाण्याखेरीज कशालाही शिवली नाही. त्या सूपाचे पैसे बिलातून वगळले गेले नाहीत, ही गोष्ट मी विसरणार नाही.

म्हणून "शाकाहारी आहे का?" हा प्रश्नच निरुपयोगी आहे. "स्टॉक कशाचा आहे, चिप्स कोणत्या चरबीत तळता, चीजमध्ये वासराचे रेनेट आहे का, सॅलडमध्ये बेकनचे तुकडे आहेत का?" असे एकेक घटक घेऊन विचारा. रेनेट म्हणजे दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेले विरजण. त्याचे पथ्य असेल तर ग्रुयेर आणि कोम्ते ही चीज विचारण्याआधीच वर्ज्य समजा. गोडातल्या क्रेम ब्रुले आणि चॉकलेट मूसमध्ये अंडे असते. अंडेही चालत नसेल, तर लोण्याच्या पोळीखाली सफरचंद भाजून उलटी करून वाढलेली तार्त ताताँ विचारून पाहा.

मी मागवलेले शिनाणे (मसल्स, म्हणजे काळ्या शिंपल्यांतले मांस) मात्र उत्कृष्ट होते, हे नमूद करणे मला भाग आहे. पांढरी वाइन, बारीक कांदा, लोणी आणि पार्सली एवढ्यावरच ते शिजवतात. रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून पुढचे शिनाणे काढून खायचे आणि उरलेला रस पावाने टिपायचा. मालवणी तिखल्याची सवय असलेल्या माझ्या जिभेलाही मसाल्याची उणीव भासली नाही.

बिलाचा हिशेब आधीच समजून घ्या. मेन्यूतील किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे असली, तर तिच्यावर 10 टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शंभराचे 119.90 होतात. आमचे सूप, बकरीच्या चीजचे सॅलड, शिनाणे आणि तार्त मिळून 98 सिंगापूर डॉलर होत होते. न मागता आलेल्या पावाचे 6 आणि पाण्याच्या दोन बाटल्यांचे 18 धरून बिल 146.28 डॉलर झाले. फ्रान्समध्ये जेवणासोबतचा पाव आणि नळाचे पाणी यांचे पैसे घेत नाहीत आणि सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते. सिंगापुरात तसे गृहीत धरू नका. तिथल्या नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते, तेव्हा आधी तेच मागा. टेबलावर आलेला पाव नको असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी परत पाठवा.