गल्ल्यातला सेल

लोकांची घरे आवरून, लावून देण्याच्या माझ्या व्यवसायात मुलांच्या खेळण्यांसाठी बोलावणे आले की तक्रार बहुधा एकच असते: जागा पुरत नाही. ज्या घराबद्दल लिहीत आहे, तेथेही तीच होती. थोरला मुलगा साडेचार वर्षांचा, धाकटी सव्वा वर्षाची, आणि दोघांची सगळी खेळणी जड झाकणाच्या एकाच लाकडी पेटीत. अशा पेट्यांबद्दल माझे मत चांगले नाही. तळाशी गेलेली वस्तू मुलाच्या लेखी हरवलेलीच असते आणि ती हवी झाली की अख्खी पेटी जमिनीवर उपडी होते. शिवाय झाकण अधेमध्ये धरून ठेवणारी बिजागरी नसेल, तर आत वाकलेल्या मुलाच्या मानेवर ते आदळू शकते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वीच मी त्या पेटीचे झाकण काढून घेतले.

खेळणी आवरायची म्हणजे गाड्या एकीकडे, बाहुल्या दुसरीकडे, असे बहुतेकांना वाटते. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर माझी पहिली वाटणी वेगळी असते: धाकट्याच्या तोंडात काय मावेल आणि काय मावणार नाही. या वयाच्या मुलांची खेळणी तपासताना सुट्या भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. मी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घेते. ती किंचित रुंद असते, त्यामुळे चूक झालीच तर सुरक्षिततेच्या बाजूने होते. नळीतून जे जाईल ते थोरल्याचे. बाहुलीचे बूट, मणी, गाडीची निखळलेली चाके असा ढीग एका बाजूला वाढत होता आणि आईवडील तो पाहून थक्क होत होते.

त्या ढिगाशेजारी मला एका जुन्या दिव्याचा चपटा रिमोट सापडला. दिवा बिघडल्यावर तो मुलांकडे आला होता. खेळण्याच्या बॅटरीचे झाकण सहसा स्क्रूने बंद केलेले असते. अशा रिमोटचा सेल ठेवायचा कप्पा मात्र नखानेही बाहेर ओढता येतो, आणि म्हणूनच खेळण्यांच्या पसाऱ्यात मला खेळण्यांपेक्षा खेळणी नसलेल्या वस्तूंची अधिक धास्ती वाटते. कप्पा अर्धवट बाहेर होता आणि आतली गोल खाच रिकामी होती. खाचेजवळ ‘सीआर २०२५’ असा छाप होता, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा सेल.

मी आईला विचारले, “हा सेल तुम्ही काढला होता का?” तिने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने तिच्याकडे. दोघांनीही काढला नव्हता. आदल्या संध्याकाळी तो रिमोट धाकटीच्या हातात होता, एवढे मात्र दोघांना आठवत होते.

असा सेल अन्ननलिकेत अडकला की तेथील ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, त्याच्या ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत खोल जखम होऊ शकते. उपकरण चालेनासे झाले म्हणून ‘संपलेल्या’ सेलमध्येही त्यासाठी पुरेशी वीज शिल्लक असते. मूल सुरुवातीला थोडी लाळ गाळते, खायला नको म्हणते, किंवा काहीच लक्षण दाखवत नाही. त्यामुळे ‘छान खेळते आहे की’ या दिलाशाला काही अर्थ नसतो. वडील ढीग उपसायला बसले, तेव्हा मी त्यांना थांबवले. “शोधायचे काम माझ्यावर सोडा. तुम्ही दोघे हिला घेऊन एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात निघा, आणि उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका.”

आई निघता निघता थोरल्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, “सेल घेतलास का रे तू?” तो प्रत्येक वेळी ठामपणे “नाही” म्हणत होता, आणि तो खोटे बोलत नव्हता. मी त्याच्यासमोर बसले, सेलचे नाव न काढता रिकामी खाच त्याला दाखवली आणि विचारले, “इथे गोल, चकचकीत काहीतरी होते ना, ते कुठे राहते?” त्याने लगेच उत्तर दिले, “ते पैसे आहेत, मावशी. गल्ल्यात.” गल्ला म्हणजे पलंगाखाली ठेवलेला पत्र्याचा डबा. त्यात प्लॅस्टिकची नाणी, दोन बटणे आणि तो सेल होता. आकडा जुळला, खाचही एकाच सेलची होती. जिन्यापर्यंत पोहोचलेल्या आईवडिलांना मी हाक मारून परत बोलावले.

पेटीत सरमिसळ दिसत असली, तरी पलंगाखाली मुलाची स्वतःची चोख व्यवस्था होती, हे मला त्या डब्याने दाखवले. गल्ला, खेळण्यातला तराजू, माल म्हणून वापरलेले ठोकळे आणि गिऱ्हाईक असलेले अस्वल तेथे एकत्र नांदत होते. ते प्रकारवार वेगळे केले असते, तर डबे सुंदर दिसले असते आणि दुकान मोडले असते. मी अख्खे दुकान एका पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात भरले आणि वाचता न येणाऱ्या मालकासाठी डब्यावर त्याच दुकानाचे छायाचित्र चिकटवले. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो वडिलांकडे दिला. क्वचित वापरल्या जाणाऱ्या खेळण्यांमधल्या बॅटऱ्याही काढून घेतल्या. एका आगगाडीत त्या गळून पांढरा थर जमला होताच.

धाकटीसाठी खाली, भिंतीला पक्के ठोकलेल्या बुटक्या उघड्या फळीवर मोजकीच खेळणी ठेवली. आईला ती फार थोडी वाटली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले होते, आणि चारच असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारांनी खेळली होती. हे सांगितल्यावर तिने उरलेली खेळणी माळ्यावर ठेवायला होकार दिला. काही आठवड्यांनी ती खाली येतील आणि खालची वर जातील.

दुकानाचा डबा मात्र वरच्या फळीवर जाणार म्हटल्यावर मालक रडायला लागला, कारण प्लॅस्टिकची नाणीही नळीतून सहज जात होती. बराच वेळ बोलणी झाली. शेवटी धाकटी दुपारी झोपली की वडिलांनी डबा खाली काढून टेबलावर द्यायचा आणि ती उठायच्या आत हिशेब करून, नाणी मोजून दुकान बंद करायचे, असे ठरले. बटणांना गल्ल्यात राहू द्यावे, एवढी एक अट त्याने माझ्याकडून मान्य करून घेतली.