घरी मॉर्फिन देताना: माझा अनुभव

आईचा स्तनाचा कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला आणि ट्रामाडॉल ही वेदनेची गोळी पुरेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन हे त्याहून जोरदार वेदनाशामक सुरू केलं. गोळ्यांचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. ज्यांच्या घरी हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोस अर्थातच तुमचे डॉक्टर ठरवतील.

आधी गोळी मिळवायची. नेहमीच्या मेडिकलमध्ये ती सहसा नसते. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. म्हणून गावभर दुकानं फिरण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात पेन अँड पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करण्यासाठीची) ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, पेशंटचं आणि गोळ्या न्यायला येणाऱ्याचं आधार कार्ड एवढं फाइलला लावा. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा ताजा रिपोर्ट विसरू नका. मॉर्फिनचा निचरा लघवीवाटे होतो. किडनी थकली असेल तर ते अंगात साठत जातं आणि डोस कमी ठेवावा लागतो.

साध्या (हळूहळू विरघळणाऱ्या नव्हे) गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १०ला दुप्पट, म्हणजे पहाटे २ला उठवावं लागत नाही. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: ‘आत्ता कुठे दुखतंय, मग कशाला द्यायची?’ दुखत नाही, कारण मागची गोळी चालू आहे. ती उतरू दिली की कळ पुन्हा वर चढते आणि मग त्याच डोसला दाद देत नाही. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात हे दोनदा झालं.

मधेच कळ आली तर एक जादा डोस असतो. प्रत्येक जादा डोस मी वहीत वेळेसकट लिहायचो, त्यापुढे दुखण्याला दहापैकी मार्क. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असताना १० मिलिग्रॅमचे तीन जादा डोस लागले, तर एकूण ९०. सहाने भागले (रात्रीचा दुप्पट म्हणजे दोन डोस) की दर वेळी १५, म्हणजे १०ची दीड गोळी. वाढवण्याचा निर्णय त्यांचा, पण हिशेब आपल्या वहीतून निघतो.

आता पोट. याबद्दल कुणी पुरेसं सांगत नाही. पहिल्या दोनतीन दिवसांतली गुंगी आणि आठवडाभराची मळमळ ओसरते; बद्धकोष्ठता ओसरत नाही. मॉर्फिनने आतड्याची हालचालच मंदावते. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू हवं. आमच्याकडे रात्री बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या होत्या. इसबगोल देऊ नका: पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा लगदा अडकतो. तीन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करा. आणि हे लक्षात ठेवा: आत खडा बसला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. ते जुलाब वाटतात, घरचे औषध बंद करतात, आणि अडकलेलं आणखी घट्ट होतं. सिस्टरने हातमोजा घालून तपासलं तेव्हा आम्हाला हे कळलं. एनिमानंतर आई त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास जेवली.

सगळं दुखणं मॉर्फिनला ऐकत नाही. करंट लागल्यासारखं, चटके बसल्यासारखं दुखत असेल तर ते नसेचं. डॉक्टरांना नेमके तेच शब्द सांगा, त्याची औषधं वेगळी असतात. हाडाच्या एका जागी दुखत असेल तर रेडिएशनची एकच बैठकही बरेचदा पुरते. आईच्या कमरेला तिचाच जास्त गुण आला.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असं भेटायला येणारे आईसमोर म्हणायचे. ते थांबवा. वेदनेच्या हिशेबाने हळूहळू वाढवलेल्या डोसने आयुष्य कमी होत नाही. घाबरायचं ते वेगळ्या खुणांना: हाक मारूनही जाग न येणं, श्वास फार संथ होणं, हातापायांना झटके, लघवी अगदी कमी. यातलं काहीही दिसलं की पुढचा डोस थांबवून लगेच फोन.

गिळणं बंद झालं तेव्हा सिस्टरने दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवली. इंजेक्शनचा डोस तोंडावाटेच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. घशात घरघर झाली की कुशीवर वळवायचं, ओठ ओल्या कापसाने पुसत राहायचं. घरीच ठेवायचं ठरलं असेल तर फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, की मृत्यूच्या कारणाचा दाखला ते देतील ना. रात्री तीन वाजता ही शोधाशोध करवत नाही.

उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. आम्ही त्या ओपीडीत नेल्या, सिस्टरने मोजल्या, रजिस्टरमध्ये आकडा लिहिला आणि शेजारी माझी सही घेतली.