जॉब संपला, पण मेल आला नाही
परवाच्या मीटअपला मी गेले ती फक्त पहिल्या सत्रासाठी. मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. दुसरं सत्र हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगचं होतं, ते जमलं तर ऐकायचं असं ठरवलं होतं. निघाले ती मात्र आमच्या क्लस्टरच्या (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या) हेड नोडवर, म्हणजे त्यातल्या मुख्य संगणकावर, कधी एकदा लॉगिन करते अशा घाईत.

पहिल्या वक्त्यांनी १९८२ पासून सुरुवात केली. मेल पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या दस्तऐवजात मांडले ते त्या वर्षी. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं मानायचं, असा तो व्यवहार. ते नाव पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तपासण्या नंतर आल्या. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कुठल्या आयपीवरून (संगणकाच्या नेटवरच्या पत्त्यावरून) मेल येऊ शकतो त्याची डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमधली, यादी. डीकिम म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल सही. वक्ते सगळ्यात जास्त वेळ थांबले ते एका गोष्टीवर, आणि योग्यच केलं: एसपीएफ पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, पाठवणाऱ्याचा पत्ता तपासतो; वाचणाऱ्याला दिसतो तो 'फ्रॉम'. या दोन्हींतलं डोमेन जुळतं का, हे डीमार्क बघतो. म्हणून एसपीएफ पास होऊनही डीमार्क फेल होऊ शकतो. कित्येक अनुभवी माणसं इथेच अडकलेली मी पाहिली आहेत.

दुसरं सत्र जीन ॲमडाल यांच्या १९६७ च्या मांडणीपासून सुरू झालं. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग २० पटींच्या वर जात नाही. मग स्लर्मची, म्हणजे क्लस्टरवरची कामं रांगेत लावणाऱ्या सॉफ्टवेअरची, बॅच स्क्रिप्ट (काय आणि कसं चालवायचं त्या सूचनांची फाइल) पडद्यावर आली. जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेलं एक काम, संपला की मेल यावा म्हणून त्यात एक ओळ असते. तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, "ते मेल कधी येतच नाहीत, मग ती ओळ लिहायची कशाला?"

ती आमच्याच संस्थेत संशोधन करते, हे मला तेव्हा कळलं.

सत्र संपल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने स्पॅम फोल्डर उघडला. चाळीसेक मेल होते, सगळे स्लर्मचे. एकाचा हेडर (मेलसोबतच्या तांत्रिक नोंदी) काढला: एसपीएफ फेल, डीकिम नन (सहीच नाही), डीमार्क फेल. आमच्या डोमेनचं डीमार्क धोरण 'नन'वरून (नापास मेलला काही करू नका) 'क्वारंटाइन'वर (तो संशयित माना, स्पॅममध्ये टाका) मीच नेलं होतं, आणि हेड नोड थेट बाहेर मेल पाठवतो हे माझ्या यादीत नव्हतं. डीमार्कच्या रोजच्या अहवालांत तो आयपी नक्की दिसत असणार. ते अहवाल मी वाचायला हवे होते.

त्यातल्या एका मेलमधला जॉब रात्री २ वाजून १० मिनिटांनी संपला होता. ६४ कोअरवर (प्रोसेसरच्या गणना करणाऱ्या भागांवर) सहा तास चालला, आणि तिने तो सकाळी ११ ला पाहिला. म्हणजे जवळजवळ नऊ तास काम एका जागी थांबलेलं. ॲमडाल यांचा तो न विभागता येणारा भाग मला त्या फोल्डरमध्ये दिसला. कोड वेगवान करायला तिने महिने घातले होते.

त्याच रात्री हेड नोडवरच्या पोस्टफिक्सला (मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामला) मुख्य मेल सर्व्हरचा रिले दिला, म्हणजे मेल थेट बाहेर न जाता त्या सर्व्हरमधून जाईल असं केलं. तिथून जाणाऱ्या प्रत्येक मेलवर डीकिमची सही होते. दहा सेकंद नुसतं थांबणारा एक जॉब टाकला. मेल इनबॉक्समध्ये आला, तीनही तपासण्या पास. तिला कळवलं, आणि जॉब पडला तरी मेल येईल असं स्क्रिप्टमध्ये घालायला सांगितलं.

काल तिचा निरोप आला. रात्री ११:५० ला जॉब मेमरी कमी पडून मेला, मेल आला, १२ ला तिने मेमरी वाढवून तो परत रांगेत लावला. सकाळी निकाल तयार होता.

आता जुने अहवाल उघडून बसले आहे. त्यात आणखी दोन आयपी आमचेच निघालेत.