नऊ वेळा एक, आणि त्याचा वर्ग

गेल्या रविवारी देवळाली कॅम्पला बहिणीकडे गेलो होतो. आठवीतल्या भाच्याने मोबाइलवर १११११११११ या संख्येला तिनेच गुणले होते, पण उत्तराचे शेवटचे अंक गाळले गेल्याने तो हिरमुसला होता. मग आम्ही चौकटींची वही काढली. एकाने गुणायचे म्हणजे तीच ओळ एकेक घर डावीकडे सरकवत नऊ वेळा लिहायची. कडेच्या उभ्या रांगेत एकच एक येतो, तिच्या शेजारी दोन, मधल्या रांगेत नऊ, आणि कोठेही हातचा नसल्याने उत्तर सरळ उतरते : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या एकं, दहं, शतं असे मोजत गेल्यास ‘मध्य’ या स्थानापर्यंत, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी अलीकडे पोहोचते.

याच देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या घराण्यातील संख्यांना डेम्लो हे नाव दिले. ते डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून आले आहे. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणणारेही तेच, आणि आमची संख्या त्या कसोटीलाही उतरते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि १११११११११ ला ९ ने भाग जात असल्याने त्याच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. तिचे अविभाज्य अवयव पाडल्यास ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा मिळतात. त्यावरून तिला एकूण ४५ विभाजक आहेत.

मला मात्र यापेक्षा मोलाची वाटते ती एक वजाबाकी. १११११११११ ला ९ ने भागले की १२३४५६७९ येते, ज्यात आठ नाही. म्हणून आमची मोठी संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९. नऊ नवांनी गुणायचे म्हणजे संख्येपुढे नऊ शून्ये द्यायची आणि तीच संख्या एकदा वजा करायची. तसे केल्यावर डावीकडचा भाग एकाने कमी होऊन १२३४५६७८ होतो, उजवीकडे एक अब्जातून १२३४५६७९ वजा होऊन ९८७६५४३२१ उरतात. चढता भाग आणि उतरता भाग असे सुटे झाले, त्यांची बेरीज नेमकी ९९९९९९९९९ का येते हेही त्यातच कळले, आणि गुणाकाराच्या नऊ ओळी मांडण्याची गरजच राहिली नाही. भाच्याला हे तितकेसे पटले नाही. त्याला ओळींचा तो त्रिकोणी उतार अधिक आवडला होता, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

“मामा, दहा एक घेतले तर?” असे विचारून त्याने स्वतःच वहीत आणखी एक ओळ लिहिली. या वेळी मधल्या रांगेची बेरीज दहा झाली. तेथे शून्य मांडून एक हातचा घेतला, तो शेजारच्या नवात मिळताच त्याचेही दहा झाले, तेथेही शून्य बसले, आणि तिथला हातचा आठात जाऊन आठाचा नऊ झाला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. उजव्या बाजूचा आठ जागेवरच होता. डावीकडचा तेवढा नाहीसा झाला होता.