होडी शिवलेला झगा

तलवार शेवटी मारायच्याच कामाची. फाशाच्या आकड्यात एक मिळवणारी जादूची ‘प्लस वन’ असो की तीन मिळवणारी ‘प्लस थ्री’, तिच्याकडून दुसरी अपेक्षा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, आपापलं पात्र रंगवत खेळायच्या खेळातली खरी गंमत मला कपड्यांत सापडते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली बाजारात आला. तेव्हापासून त्यातल्या जादूच्या वस्तूंची रास वाढतच चालली आहे, आणि त्या राशीत लोहारापेक्षा शिंप्याचं डोकं जास्त चाललेलं दिसतं.

आमचा खेळ रविवारी दुपारी, मानपाड्याला भाच्याच्या घरी. भाचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर: गोष्ट सांगणारा आणि नियम बघणारा. बाकीची त्याच्याच वयाची, त्यामुळे ‘मावशी, तुमचा टर्न’ हे आता सगळेच म्हणतात.

नव्या खेळाडूला आधी हवा असतो क्लोक ऑफ प्रोटेक्शन, संरक्षणाचा झगा. आर्मर क्लासला, म्हणजे वार चुकवायच्या आकड्याला, एक जास्त; सेव्हिंग थ्रोंना, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशांना, एक जास्त. उपयोग भरपूर, मजा शून्य. आकडा कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, चढवला की अंगावर झगा आहे हेही विसरायला होतं. त्यापेक्षा क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड, एल्फ लोकांचा झगा, बघा. 2014 च्या नियमांत त्याचं टोपडं डोक्यावर ओढलं तरच लपणं सोपं जातं, आणि ओढायला आपल्या पाळीतली एक अख्खी अ‍ॅक्शन जाते. म्हणजे समोर गॉब्लिन असताना त्याला हाणायचं की टोपडं घ्यायचं, हे ठरवावं लागतं. आमच्यातली एकजण अशा वेळी खरंच ओढणी डोक्यावरून घेते आणि कुजबुजत बोलायला लागते. आकड्याने हे होत नाही.

रोब ऑफ आइजवर सगळीकडे डोळ्यांची नक्षी. चहूबाजूंचं दिसतं, अंधारातलं दिसतं, अदृश्य असलेलंही दिसतं. मात्र आपण डोळे मिटले तरी ते मिटले असं धरत नाहीत. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर हा झगा कोणी फुकट दिला तरी नको. 1979 च्या नियमांत तर क्लोक ऑफ पॉयझनसनेस होता: अंगावर घेतला की माणूस जागच्या जागी खलास. गोखले रोडवर ट्रायल रूमच्या रांगेत उभी असले की मला हा हमखास आठवतो.

माझा जीव मात्र रोब ऑफ यूजफुल आयटम्सवर. नुसती ठिगळं. एक ओढून काढलं की त्याची खरी वस्तू होते. खंजीर, कंदील, आरसा, 10 फुटी काठी, दोरखंड, पोतं ही प्रत्येकी दोन, ठरलेली. वरची ठिगळं 4 ते 16, किती आणि कसली ते फासे सांगणार: 24 फुटी शिडी, घोडा, लोखंडी दार, खिडकी, दोन दांडगे कुत्रे. खड्डासुद्धा! खड्ड्याचं ठिगळ शिवणाऱ्या कारागिराला मनोमन नमस्कार.

फाशांनी मला होडी दिली तेव्हा भाचा म्हणाला, “तलावपाळीला ने.” ठिगळं संपली की झग्याचं साधं कापड उरतं, म्हणून बहुतेक लोक ती शोकेसमधल्या काचेच्या सेटसारखी जपून ठेवतात. मीही जपली असती, पण अरुंद बोळात मागे ओगर, म्हणजे दांडगा राक्षस, लागला आणि मी होडी ओढली. होडी 12 फूट, बोळ 10 फूट. नकाशावरचा चौकोन 5 फुटांचा, म्हणजे होडी जवळजवळ अडीच चौकोन. पट्टी आली, पेन्सिल आली, चहा निवला, आणि होडी तिरकी अडकते यावर एकदाचं सगळ्यांचं एकमत झालं. ओगर पलीकडे, आम्ही अलीकडे. प्लस वनवर कोणी अर्धा तास भांडलेलं मला माहीत नाही.

आणि क्लोक ऑफ बिलोइंग. 2017 च्या पुस्तकातला. याने वाचवत नाही, लपवत नाही, उडवत नाही. पाळीतली जादा, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन वापरली की नाटकी फडफडतो, बस. आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलाने तो घेतला आहे. हल्ली तो प्रत्येक वाक्याआधी फडफडतो. परवा भाचा वैतागला, “अरे, गुहेत वारा कुठला?”

“वारा लागतो असं नियमात कुठे आहे?”

भाच्याने पुस्तक उघडून बघितलं. खरंच नाहीये.