भाऊंच्या सड्याला मी हरकत का घेतली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, राजापूरच्या एसटीत विचारलंत, माझ्याच पडवीत चहा पिता पिता विचारलंत. शब्द थोडे इकडेतिकडे, प्रश्न एकच: "बाई, सख्ख्या शेजाऱ्याचा व्यवहार होत होता, तुम्ही का आडव्या गेलात?" दर वेळी मी "पाण्यासाठी" म्हणते आणि विषय बदलते. तुमचं समाधान झालेलं नाही हे मला दिसतं. माझंही होत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आमच्या वाडीच्या डोक्यावरच्या सड्याचे, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळाचे, साडेबावीस एकर, त्यात आमच्या शेजारच्या भाऊंचे सहा, बाहेरच्या माणसांनी घ्यायचं ठरवलं. तिथे बिगरशेती करून एकशेअठरा प्लॉट पाडायचे होते, कारण शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि शहरातला नोकरदार एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉट शोधत असतो. त्या मंजुरीविरुद्ध मी चार पानांचा अर्ज दिला. वाडीतून सही माझी एकटीची.

सातबाऱ्यावर त्या सड्यापुढे "पोटखराब" लिहिलेलं आहे. शाळेत मुलांना सातबारा वाचायला शिकवताना मीसुद्धा त्या शब्दाचा अर्थ "निरुपयोगी जमीन" असाच सांगत आले. मे महिन्यात वर गेलात तर तुम्हालाही तेच वाटेल. काळा कातळ, करवंदाच्या जाळ्या, चप्पल घालूनही पाय भाजतात. जुलैत जा. खळग्याखळग्यात घोटाभर पाणी असतं, गेंदाचे पांढरे ठिपके असतात, सीतेची आसवं फुललेली असतात आणि नाचणीच्या दाण्याएवढे किडे पकडणारी दवबिंदूची रोपं कातळाच्या फटीत असतात. बाई फुलांसाठी भांडल्या, असं काहीजण म्हणतात. फुलं मला आवडतात, पण फुलांसाठी मी भाऊंशी वाकडं घेतलं नसतं.

जांभ्याचं वरचं कवच कडक दिसतं, आत मात्र तो भोकाभोकांचा असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाली जातं. त्याच्याखाली चिकणमातीचा थर आहे, तिथे ते अडतं आणि आडवं सरकायला लागतं. उतारावर हा थर जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो. आमचा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, तिथूनच निघतो आणि वाडीच्या दोन्ही विहिरी त्याच ओळीत आहेत. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. आमच्या वाडीला लागत नाही. यात माझं, भाऊंचं किंवा ग्रामपंचायतीचं काही कर्तृत्व नाही. ते पाणी सडा धरून ठेवतो.

आता त्या सड्यावर एकशेअठरा घरं, तेवढेच शोषखड्डे आणि जमेल तितक्या बोअर. मातीत मैलापाणी गाळलं जातं, जांभ्याच्या भोकांतून ते न गाळता, वेगानं खाली येतं. बोअर चिकणमातीचा थर भेदून जाते, आणि केसिंग, म्हणजे आतलं पाइपचं अस्तर, नीट घातलं नाही तर वर अडलेलं पाणी त्याच भोकातून खोल निघून जातं. रस्ते झाले की गटारं आली, म्हणजे जे मुरायचं तेही कडेनं वाहून गेलं. मी भूगोल शिकवलाय, भूजलशास्त्र नाही. म्हणूनच अर्जात "परवानगी देऊ नका" असं मी लिहिलं नव्हतं. पोच माझ्याकडे आहे, येऊन वाचा. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून पाहणी करून घ्या, शोषखड्ड्यांऐवजी सगळ्या वसाहतीचं सांडपाणी एकत्र शुद्ध करा, आणि लेआउटमध्ये जी दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते ती फाटकाजवळच्या बागेसाठी न ठेवता पूर्वेच्या मोठ्या खळग्यात ठेवा, कारण पऱ्याचं मूळ तिथे आहे. एवढंच मागितलं होतं.

"पर्यावरणवाल्यांकडे का नाही गेलात?" असंही विचारता. 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल किंवा क्षेत्रविकास पन्नास हेक्टरांपासून पुढे असेल तरच आधी पर्यावरण मंजुरी लागते. इथे क्षेत्र जेमतेम नऊ हेक्टर, आणि बांधकाम तर कोणी एकानं करायचंच नाही, प्रत्येक प्लॉटवाला आपापलं करणार. एकशेअठरा छोट्या घरांचा एकत्र परिणाम मोजायला कोणी बांधील नाही. कुणी सुचवलं की एखादं कातळशिल्प शोधा, मग आपोआप थांबेल. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यामुळे सल्ला काही वेडा नव्हता. मी दोन रविवार खरंच शोधत फिरले. आमच्या सड्यावर नाही मिळालं.

उलट गावात बोललं गेलं की बाईंच्या अर्जामुळे गाव इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणासाठी निर्बंध असलेलं क्षेत्र, होणार. पश्चिम घाटावरचा 2011 चा गाडगीळ समितीचा अहवाल आणि 2013 चा कस्तुरीरंगन समितीचा, या दोन्हींतलं एक पानही कोणी आमच्याकडे बसून समजावलेलं नाही. राहिली ती भीती, की आता घराला कौल घालायलाही परवानगी लागेल. तीन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही. कोणी न समजावता गावावर काही लादलं जाणार असेल तर मलाही राग येईल.

माझी एक चूक इथेच कबूल करते. अर्जाच्या तिसऱ्या पानावर मी माळीण आणि तळीये ही नावं लिहिली. 30 जुलै 2014 ला माळीण दरडीखाली गेलं, 22 जुलै 2021 ला तळीये. ते वर्ष आमच्या जिल्ह्यानं चिपळूणच्या पुरात पाहिलंय. मनात आलं आणि लिहिलं. पण ती गावं डोंगराच्या कुशीतली, आणि प्लॉट पडणार होते सपाट सड्यावर. सड्याच्या कडेनं गटारं सोडली तर खालच्या उताराचं काय होईल, हा प्रश्न खरा होता आणि तो तेवढाच विचारायला हवा होता. मी घाबरवायला गेले. त्यांच्या इंजिनिअरनं तेच पान सगळ्यांसमोर वाचलं, "जागा सपाट आहे, मॅडम" म्हणाला, आणि उरलेली तीन पानं कोणी उलटली नाहीत.

ते झालं स्थळपाहणीच्या दिवशी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराला. तुम्ही विचारता त्याचं उत्तर कुठे असेल तर त्या दिवसात आहे.

साहेब आले, बरोबर तलाठी, मोजणीदार, घेणाऱ्यांची दोन माणसं, आणि वाडीतले वीसेक जण. सावलीला एक झाड नाही. मी मोबाइलमध्ये आदल्या जुलैचे फोटो घेऊन गेले होते. उन्हात पडद्यावर काही दिसेना. मी हातानं आडोसा करून साहेबांना दाखवत होते, इथे पाणी असतं, इथून ते खाली जातं. साहेब भले होते, त्यांनी नीट वाकून पाहिलं. पण समोर तापलेला काळा दगड होता, आणि मी त्या दगडाकडे बोट दाखवून पाणी, पाणी म्हणत होते.

भाऊ तोवर गप्प होते. डोक्याला टॉवेल गुंडाळून एका बाजूला उभे. ते पुढे आले आणि साहेबांशी नाही, माझ्याशी बोलले. आवाज चढवला नाही.

"वैनी, 2009 साली तुमी उतारावरची जागा दिलात. सदाशिवाच्या देवळात बसून मला म्हणालात, भाऊ, साक्षीदार म्हणून सही करा. मी केली. तुमच्या पोराला इंजिनिअर करायचा होता. तवा पाणी नाय आठवला तुमाला?"

ते खरं होतं. शब्दन् शब्द खरा. ती उताराची जागा झऱ्याच्या ओळीच्या थोडी वर होती. घेणाऱ्यानं तिथे जेसीबीनं उतार कापून बंगला बांधला आणि त्या अंगाचा झिरपा पुढच्या दोन वर्षांत आटला. आम्ही ते पाहिलं आणि बोललो नाही. त्याच्याही आधी सासऱ्यांनी आणि यांनी सड्याच्या कडेला सुरुंग लावून खड्डे फोडले, बाहेरून माती आणून भरली आणि साठ कलमं लावली. त्या आंब्यावर आमचं घर चाललं. सडा फोडायला आधी आम्हीच लागलो होतो.

भाऊ थांबले नाहीत. म्हणाले, "तुमचा पोरगा पुण्यात फ्लॅटमदी ऱ्हातो. तो फ्लॅट काय हवेत हाय? तोबी कुणाच्या तरी शेतावरच उभा असल ना? माझी पोरगी नर्सिंगला हाय. माझ्याकडं ह्या कातळाबिगर विकण्यासारखा काय हाय?"

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या वर्गात बसलेली मुलं त्यात होती, आता मिशा आलेली.

तेवढ्यात भाऊंची बायको खालून कळशी घेऊन चढून आली. त्या उन्हात, तो चढ. तिनं साहेबांना तांब्याभर पाणी दिलं, मग तलाठ्याला, मग इंजिनिअरला. साहेब प्यायले आणि म्हणाले, "काय गार पाणी आहे हो. मे महिन्यात." ती म्हणाली, "आमची विहीर हाय खालती."

मला तिथे एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, तुम्ही उभे आहात त्या दगडातलं पाणी आहे हे. माझ्या चार पानांपेक्षा ते पुरलं असतं. सगळा पुरावा त्यांच्या हातातल्या तांब्यात होता. पण भाऊ जे बोलले ते मला इतकं लागलं होतं, की घशातून शब्दच फुटला नाही. तांब्या माझ्याकडेही आला. मी प्यायले आणि पदरानं तोंड पुसलं. पंचनामा झाला, सह्या झाल्या, गाड्या निघाल्या.

त्यानंतर मी स्वतःशी खूप भांडलेय. 2009 मधली मी म्हणते, मुलाची फी भरायची होती, तू काय केलं असतंस? मला उत्तर येत नाही. पण मी तिला हेही विचारते, की एकदा चुकलं म्हणून पुढच्या वेळी तोंड बंद ठेवायचं का? ज्यानं स्वतः काही विकलं नाही त्यानंच बोलावं म्हटलं, तर कोकणात बोलायला उरेल कोण? हे मी मनात बोलते तेव्हा पटतं. भाऊंची मुलगी समोरून गेली की पटत नाही.

कारण माझ्या अर्जानं मंजुरी अकरा महिने लांबली. इसाऱ्याचे पैसे सोडले तर भाऊंच्या हातात काही नव्हतं. मुलीच्या फीसाठी त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि अकरा महिन्यांचं व्याज भरलं. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, रागानं नाही, कपडे धुता धुता. मी घरी येऊन यांना म्हटलं, ते व्याज आपण देऊ. हे म्हणाले, कुठल्या तोंडानं देणार? दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

शेवटी मंजुरी मिळालीच. भूजलाची पाहणी झाली नाही, शोषखड्डे आपापलेच. मोकळ्या जागेचा नकाशा मात्र बदलला. मोठ्या खळग्याचा साधारण अर्धा भाग तिच्यात आला आहे. तो माझ्या अर्जामुळे की तिथे खडक खोल गेल्यामुळे, ते कोणी सांगितलं नाही. मला अर्जामुळे वाटतं. वाटू द्या.

"काय साधलंत?" म्हणता तुम्ही. प्लॉट नसते झाले तर भाऊंनी चिरेखाणीला दिलं असतं, तेही त्यांनी बोलून दाखवलं होतं. खाणीनं सडा मुळासकट गेला असता. मग प्लॉट बरे का? कधी बरे वाटतात. पण जेसीबीनं पहिला रस्ता काढला, लाल धुरळा आमच्या पडवीपर्यंत आला, आणि तेव्हा काहीच बरं वाटलं नाही.

आतापर्यंत चौदा घरं उठलीत, बोअर सहा. मी दर रविवारी विहीर मोजते. दोराच्या टोकाला दगड, हातागणिक गाठ, कोरडा दोर किती ते वहीत लिहायचं. गेल्या मेच्या शेवटच्या रविवारी पाण्यापर्यंत अकरा हात दोर गेला, त्याआधीच्या वर्षी साडेनऊ. दीड हात पाणी उतरलं ते बोअरमुळे, की त्या वर्षी पाऊस लवकर गेला म्हणून, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. वही ठेवतेय.

त्या रविवारी मी दोर गुंडाळत होते तेव्हा भाऊ दगडी गडग्यापलीकडे काटक्या मोडत होते. पाहणीच्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वैनी, किती?"

मी म्हटलं, "अकरा."

त्यांनी हातातली काटकी मोडली. मग म्हणाले, "पुढच्या येळी मला हाक मारा. मी दोर धरीन."